अण्णांचं इस्टिमेट

स्कॉटलंडच्या हायलंड्समध्ये गाडी घेऊन जायचं ठरलं की आधी मैलांवरचा विश्वास उडतो. नकाशावर बोटभर अंतर दिसतं, फोन म्हणतो दोन तास, आणि जाऊन आलेली माणसं सांगतात, अर्धा दिवस धरा. तिकडचे कितीतरी रस्ते एकाच गाडीच्या रुंदीचे आहेत. मधे मधे थोडं डांबर रुंद केलेलं, शेजारी पांढरी पाटी, ती पासिंग प्लेस. ती आपल्या डावीकडे असेल तर आत शिरायचं. उजवीकडे असेल तर आपल्याच बाजूला थांबायचं, समोरचा तिच्यात शिरून निघून जातो. चढ चढणाऱ्याला वाट आधी. मागून कुणी गावकरी कामाच्या घाईत येत असेल तर त्यालाही पुढे सोडायचं. मग सगळ्यांनी एकमेकांना हात दाखवायचे. हे दिवसभर करत राहायचं, शिवाय अधूनमधून रस्त्यात मेंढ्या रवंथ करत बसलेल्या. ताशी किती मैल धरणार?

माझ्या नवऱ्याने चाळीस धरले होते. त्याच्या एक्सेल शीटमध्ये प्रत्येक दिवसाला वेगळा रंग होता आणि चहासाठी पंधरा मिनिटांचा रकाना होता. मार्ग अर्थातच नॉर्थ कोस्ट ५००. इन्व्हर्नेसच्या किल्ल्यापासून निघायचं, पश्चिम किनाऱ्याने वर, उत्तर टोकाने आडवं आणि पूर्वेकडून परत. एकूण ५१६ मैल. हे नाव २०१५ सालचं. ज्याला ते सुचलं त्याचं डोकं मानलं पाहिजे. रस्ते होतेच, त्याने त्यांचा एक गोल काढला आणि गोलाला आकडा चिकटवला. आकडा दिसला की माणसाला तो पुरा केल्याशिवाय चैन पडत नाही. दोन दिवसांत अष्टविनायक उरकणाऱ्या बसमध्ये जसं दर्शनापेक्षा ‘चला, चला, पुढचा गणपती’ जास्त ऐकू येतं, तसंच हे होणार असं मला वाटत होतं. पण शीट इतकी सुंदर होती की बोलवेना.

ती अण्णांनी मोडली. अण्णा म्हणजे माझे सासरे. सासूबाई आणि ते उन्हाळ्यापुरते साताऱ्याहून आमच्याकडे लीड्सला आले आहेत. सगळी नोकरी बांधकाम खात्यात, ओव्हरसियर म्हणून. फोनवरच्या नकाशात त्यांना काही दिसत नाही. म्हणजे डोळ्यांना दिसतं, पण त्यांच्या मते त्यात रस्ता कळत नाही. म्हणून मी ऑर्डनन्स सर्व्हेचा कागदी नकाशा आणला, तो गुलाबी कव्हरचा. त्यांनी तो डायनिंग टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि समोच्च रेषांवरून पेन्सिलीचं मागचं टोक फिरवायला सुरुवात केली. या नकाशांवर खड्या चढावर बाण काढलेले असतात. एक बाण म्हणजे सातास एक (सात फूट पुढे गेलं की एक फूट वर) ते पाचास एक, दोन बाण म्हणजे त्याहूनही खडा. अ‍ॅपलक्रॉस नावाच्या गावाच्या वाटेवर पेन्सिल थबकली.

“हा घाट कुणी पास केला?”

त्या घाटाचं नाव बेलाख ना बा. १८२२ साली बांधलेला. समुद्राच्या पातळीपासून निघून ६२६ मीटरवर जातो, काही ठिकाणी पाचास एक चढ, वर आपल्या घाटांसारखी वेडीवाकडी वळणं, आणि सगळा प्रकार एकपदरी. पायथ्याशी पाटीच आहे: शिकाऊ चालक, फार मोठी वाहनं आणि कॅराव्हॅन यांनी येऊ नये. १९७०च्या दशकात किनाऱ्याने दुसरा रस्ता होईपर्यंत अ‍ॅपलक्रॉसला गाडीने जायचं तर हाच एक मार्ग होता.

“आम्ही वीसास एक धरायचो,” अण्णा म्हणाले. “नाहीतर साहेब फाईल तोंडावर फेकायचा.” पण आवाजात नापसंती नव्हती, थोडी असूयाच होती.

त्यानंतर आमच्या घरात ठिकाणांवर बोलणं थांबलं आणि रस्त्यांवर सुरू झालं. कुठला रस्ता कुणी, कशासाठी केला? अठराव्या शतकात बंडखोर डोंगरी टोळ्यांवर वचक ठेवायला जनरल वेडने लष्करी रस्ते केले. मग एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला थॉमस टेलफर्ड या अभियंत्याने रस्ते आणि पूल बांधले. हे नवराच शोधून वाचून दाखवत होता, कारण शीट मोडल्यावर त्याला काहीतरी काम हवं होतं. वाचता वाचता तो ए-८३२ या रस्त्यावर आला. ब्रेमोरपासून डंडोनेलकडे जाणाऱ्या तुकड्याला डेस्टिट्यूशन रोड म्हणतात. १८४६ साली हायलंड्समध्ये बटाट्यावर रोग पडला. बटाटा हेच गरिबाचं जेवण, ते शेतात सडलं. फुकट धान्य दिलं तर लोक आळशी होतील असं वरच्यांना वाटलं. म्हणून उपाशी माणसांकडून रस्ते करून घेतले आणि मजुरी म्हणून ओटचं पीठ मोजून दिलं.

अण्णा एकदम म्हणाले, “सुकडी.”

सुकडी म्हणजे दुष्काळी कामांवरच्या मजुरांना वाटायचा तो कोरडा खाऊ. १९७२च्या दुष्काळात अण्णा नोकरीला नवे होते आणि माण तालुक्यात दुष्काळी कामावर होते. राज्यभर त्या कामांवर पुढे सुमारे ५० लाख माणसं आली, हा आकडा पुस्तकात मिळतो. अण्णांकडे मिळतं ते वेगळं. खडी फोडणाऱ्या बायका बोटांना चिंध्या गुंडाळायच्या. मस्टरवर अंगठा उठवायला शाईचं पॅड पुरायचं नाही. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, आणि तिची भाकरी थापताना फुटते म्हणून बायका सरकारला शिव्या द्यायच्या. खडीचे ढीग फऱ्याने, म्हणजे मापाच्या खोक्याने, मोजायचं काम अण्णांचं. “फरा नीट भरलेला नसला तरी मी भरला म्हणून लिहायचो,” ते म्हणाले. “सगळेच लिहायचे. त्या रस्त्यांपैकी काही कुठेच जात नव्हते. काम द्यायचं होतं, म्हणून रस्ता.” सासूबाई लसूण सोलत होत्या, त्या मान वर न करता म्हणाल्या, “अहो, लग्नाआधी हे सांगितलं असतंत तर बरं झालं असतं. मला वाटलं होतं, कडक ऑफिसर आहे.”

तेव्हा उत्तरेचं टोक गळलं आणि डेस्टिट्यूशन रोड पक्का झाला. त्याच्या तोंडाशीच कॉरिशॅलोक नावाची घळ आहे, साठेक मीटर खोल, आणि तिच्यावर १८७४चा झुलता पूल. तो जॉन फाउलरने बांधला. पुढे फोर्थच्या रेल्वेपुलाच्या दोन मुख्य अभियंत्यांपैकी एक. पुलासाठी अण्णा चालायलाही तयार झाले. गुडघ्यांचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

आणि मग कॅलम मॅक्लाउड. स्काय बेटाशेजारी रासे नावाचं लहानसं बेट आहे, स्कॉन्सरहून फेरीने जाता येतं. तिथल्या आर्निश वस्तीला रस्ता नव्हता. लोकांनी कौन्सिलकडे वर्षानुवर्षं अर्ज केले, रस्ता आला नाही. वस्ती उठत गेली. कॅलम शेती करायचा, टपाल वाटायचा, दीपगृहाचंही काम बघायचा. रस्तेबांधणीचं एक जुनं पुस्तक विकत घेऊन, फावडं, पहार आणि ढकलगाडी घेऊन त्याने साधारण १९६४ साली एकट्याने सुरुवात केली. पावणेदोन मैलांना दहाएक वर्षं लागली. नंतर काही वर्षांनी कौन्सिलने त्यावर डांबर टाकलं, तेव्हा आर्निशमध्ये तो आणि त्याची बायको एवढेच उरले होते. सरकारने त्याला पदक दिलं, पण रस्त्यासाठी नव्हे. रोना बेटावरच्या दिव्याला सामान पोचवल्याबद्दल.

“बरोबर आहे,” अण्णा म्हणाले. “रस्त्याबद्दल दिलं असतं तर कौन्सिलने काय केलं हे कागदावर आलं असतं.” खातं इथून तिथून सारखंच, याचं त्यांना फार समाधान वाटलं. मग कागद घेऊन ते कॅलमच्या रस्त्याचं इस्टिमेट काढत बसले, १९७२च्या दराने. एक माणूस, पावणेदोन मैल, कठीण खडक, लीड आणि लिफ्ट, म्हणजे माल वाहायचं अंतर आणि उचलायची उंची, वेगळे. आकडा काही पटेना. दोनदा काढला.

सासूबाईंच्या चौकशा या सगळ्यापेक्षा जास्त कामाच्या होत्या. स्वच्छतागृहं कुठे आहेत? आठनंतर जेवण मिळत नाही हे खरं का? (बऱ्याच गावांत खरं आहे.) जूनमध्ये रात्री दहानंतरही उजेड असतो, तर दिवेलागण कधी करायची? आणि ते मिजेस म्हणजे काय? मिजेस म्हणजे चिलटांचा एक चावरा, थव्याने येणारा प्रकार. पावसाळी, वारा पडलेल्या संध्याकाळी ते माणसाला घराबाहेर उभं राहू देत नाहीत. वारा असला की नसतात. त्यामुळे या प्रवासात बोचऱ्या वाऱ्याबद्दल तक्रार करायची नाही, असं ठरलं आहे. भाजणी, मेतकूट आणि लसणाची चटणी यांना एक वेगळी पेटी मिळाली. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर आला की भरून घ्यायचं, कारण पुढचा पंप कधी उघडा असेल सांगता येत नाही.

रोज नवं हॉटेल हा प्रकारही गेला. लॉखकॅरनला खाडीकाठी एक घर घेतलं, शनिवार ते शनिवार. तिकडे अशी घरं बहुतेक आठवड्याच्या हिशेबानेच देतात. तिथून एक दिवस अ‍ॅपलक्रॉसचा घाट, एक दिवस रासे, एक दिवस डेस्टिट्यूशन रोड. बाकीच्या दिवसांपुढे नवऱ्याने शीटमध्ये काही लिहिलेलं नाही, पण रंग मात्र भरून ठेवले आहेत. आणि मोठ्या गाडीऐवजी लहान गाडी. यावर थोडी धुसफूस झाली. पेटी मांडीवर घ्यावी लागणार आहे.

काल बघितलं तर अण्णांनी सामानात मोजमापाची टेप टाकलेली, जुनी, कातडी चकतीतली. पासिंग प्लेसची लांबी-रुंदी घेणार आहेत म्हणे, आणि दोन पासिंग प्लेसमधलं अंतरही. तिथे गाडी उभी करायला मनाई आहे, हे त्यांना कुणी सांगायचं यावर मी आणि नवरा अजून चिठ्ठ्या टाकतो आहोत.