बावीस बिऱ्हाडांचं हळदीकुंकू

रथसप्तमीच्या आधीचा शनिवार आला की आमच्या गिरगावातल्या चाळीत सकाळपासून तीळ भाजल्याचा वास दरवळायचा. गणपतीत जिथे मंडप पडायचा, त्याच चौकात संध्याकाळी मंडळाच्या सतरंज्या अंथरल्या जायच्या. बावीस बिऱ्हाडांतल्या बायका, शेजारच्या वाड्यांतल्या, शिवाय कुणाकुणाच्या माहेरवाशिणी. काळ्या चंद्रकळा, नव्या सुनेच्या अंगावर हलव्याचे दागिने, मसाला दूध आणि उखाण्यांचा आग्रह. गुलाबदाणी हाती मिळणं हा आम्हा मुलींमधला सर्वांत मोठा मान. मला तो सातवीत मिळाला, तेव्हा आदल्या रात्री मला झोप लागली नव्हती.

वाण वर्गणीतून यायचं. आम्ही स्टीलच्या गाळण्या लुटल्या, तर पुढच्या वर्षी शेजारच्या वाडीतही गाळण्याच. नवं काही आलं, तर ते बहुधा एखाद्या सुनेच्या माहेराहून यायचं. कापडी पिशव्यांचं वाण असंच पार्ल्याच्या सुनेनं सुचवलं. राज्यात प्लॅस्टिकबंदी झाली २०१८ साली. आमच्या बायका त्याच्या दोन वर्षं आधीपासून भाजीला त्या पिशव्या नेत होत्या. गिरगावाला हे असं पसरणं जुनंच. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला आणि पुढे तो गल्लोगल्ली पोचला.

पण पिशवी हातात घेणं सोपं असतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू तिळाच्या लाडवांत चाळीत पहिल्या. त्यांचे यजमान गेले, त्या वर्षीही सकाळी त्यांनीच दीडशे लाडू वळून दिले आणि संध्याकाळी खाली आल्या नाहीत. मला गॅलरीतलं त्यांचं अर्धवट लोटलेलं दार दिसत होतं. आई रात्री डब्यातून त्यांचेच लाडू त्यांना देऊन आली आणि घरी येऊन काही न बोलता भांडी घासत बसली.

पुढे डोंबिवलीची एक सून चाळीत आली. तिच्या आईच्या भिशीत हळदीकुंकवाला सगळ्यांनाच बोलावतात, असं तिनं सांगितलं. नळावर, गॅलरीत, निवडणं-टिपणं करताना वर्षभर हाच विषय. जिला विचारावं तिला पटलेलं. तरी पुढच्या संक्रांतीला काकूंचं दार तसंच अर्धवट लोटलेलं.

अमेरिकेतल्या आयोवामधल्या मक्याची गोष्ट मी खूप नंतर वाचली. संकरित बियाणं तिथे १९२८ च्या सुमारास आलं. रायन आणि ग्रॉस या दोन अभ्यासकांनी २५९ शेतकऱ्यांना गाठून १९४३ साली त्याचा वृत्तान्त छापला. १९४१ पर्यंत दोघे सोडून सगळ्यांनी ते बियाणं घेतलं होतं, पण त्याला बारा-तेरा वर्षं लागली. बियाण्याची खबर अनेकांना विक्रेत्यांकडून मिळाली होती. मन वळलं ते सर्वांत जास्त जणांचं शेजाऱ्याच्या शेतातल्या अनुभवावरून. मला लगेच आमचा नळ आठवला. डोंबिवलीची खबर पोचली होती, शेत कुणीच पाहिलं नव्हतं.

१९९९ च्या संक्रांतीला आई वर गेली आणि काकूंचा हात धरून त्यांना खाली घेऊन आली. "वहिनी, तुम्ही नाही तर मीही नाही," एवढंच ती म्हणाली होती. पंचपाळं फिरत फिरत काकूंपाशी आलं तेव्हा चौकातला सगळा आवाज थांबला. आईनं त्यांच्या कपाळावर कुंकू टेकवलं. तिचा हात थरथरत होता. मग चाळीतल्या सर्वांत थोरल्या आजी, पांढऱ्या कपाळाच्या, पुढे सरकल्या. "मलाही लाव गं. चाळीस वर्षं झाली."

त्यानंतर डोंबिवलीची सून उठली, मग आणखी तिघी. चौघी मात्र दूध तसंच ठेवून निघून गेल्या.

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७८ साली मांडलं, की प्रत्येकाचा एक उंबरठा असतो: आपल्याआधी किती जणांनी पाऊल टाकलेलं दिसलं म्हणजे आपण टाकू, तो आकडा. शंभर माणसं घ्या. एक जण कुणाचीच वाट पाहत नाही, दुसरा एकाची पाहतो, तिसरा दोघांची. असं करत शंभरही जण उठतात. पण त्यातला एकाची वाट पाहणारा काढून तिथे दोघांची पाहणारा बसवला, तर पहिला माणूस एकटाच उभा राहतो. हे वाचलं आणि मला आजींचं पुढे केलेलं कपाळ दिसलं. त्या सरकल्या नसत्या तर आईही तशीच एकटी पडली असती, आणि बायका पुढे कित्येक वर्षं 'तिनं करून पाहिलं होतं' म्हणत राहिल्या असत्या.

निघून गेलेल्या चौघींपैकी दोघी पुढच्या वर्षी आल्या, एक त्याच्या पुढच्या. शेजारच्या वाडीतलं बोलावणं दोन वर्षांनी आलं, त्यात काकूंचं नाव होतं.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनं इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सुचवलं. बातमीचं कात्रण आईनं जपून ठेवलं आहे.

चाळ आता पाडली आहे, बिऱ्हाडं विरार-बोरिवलीपर्यंत पांगली. हळदीकुंकू वर्षातून एकदा एका हॉलमध्ये होतं. दाराशी पंचपाळं घेऊन काकू बसतात. त्या चौघींतली चौथी कधीच आली नाही. यंदा तिची सून आली, लहानगीला कडेवर घेऊन, आणि काकूंनी आधी त्या मुलीच्या कपाळाला कुंकू लावलं.