दीड मिनिटावरून तीस सेकंदांच्या आत

रुबिक क्यूब सोडवता येणं आणि तो पटकन सोडवता येणं, या दोन वेगळ्या विद्या आहेत. पहिली मला जळगावच्या भाच्यानं सुट्टीत शिकवली. आधी पांढरी फुली (पांढऱ्या बाजूवर अधिकच्या चिन्हासारखा आकार), मग खालचा थर, मधला थर आणि शेवटी वरचं पिवळं. या रीतीनं मी दीड मिनिटापर्यंत आलो आणि तिथंच अडकलो. हात कितीही भरभर चालवले तरी टायमर काही खाली येईना.

भाच्यानं मोबाईलवर माझा व्हिडिओ काढला आणि माझ्यासमोर धरला. "बघा मामा, तुम्ही फिरवू कमी राहिले, शोधूच जास्त राहिले." खरंच होतं. चार-पाच वळणं झटक्यात व्हायची, मग क्यूब हातात नुसता धरलेला. पुढचा तुकडा कुठे आहे ते बघण्यातच अर्धा वेळ जात होता.

मग सीएफओपीकडे वळलो. वेगानं सोडवणारे बहुतेक जण हीच पद्धत वापरतात. जेसिका फ्रिड्रिक यांच्यामुळे ती प्रसिद्ध झाली, म्हणून फ्रिड्रिक पद्धतही म्हणतात. यात पांढरी फुली खालच्या बाजूला करायची. मग कॉर्नर (कोपऱ्याचा तुकडा) आणि त्याच्या शेजारचा एज (कडेचा तुकडा) यांची जोडी वरच जुळवून एकदम खाचेत बसवायची. अशा चार जोड्या झाल्या की दोन थर एकदमच पूर्ण. राहिला वरचा थर. तो पिवळा करायचा टप्पा म्हणजे ओएलएल, त्याचे ५७ अल्गो, म्हणजे पाठ करायचे वळणांचे क्रम. मग तुकडे जागेवर न्यायचा टप्पा पीएलएल, त्याचे २१.

५७ हा आकडा ऐकूनच माणूस क्यूब खाली ठेवतो. पण तेवढे लगेच लागत नाहीत. ही दोन्ही कामं प्रत्येकी दोन टप्प्यांत केली तर ओएलएलचे १० आणि पीएलएलचे ६ पुरतात. नव्यानं सुरू करणाऱ्यांना माझं सांगणं, एवढ्या सोळांवर आरामात राहा. पाठांतरात वेळ घालवण्यापेक्षा फुली आणि जोड्या पक्क्या करा, सेकंद तिथंच वाचतात.

माझा सराव झाला तो अमळनेर-जळगाव पॅसेंजरमध्ये. स्पर्धेत क्यूब उचलून बघायला १५ सेकंद मिळतात, तेवढ्यात फुली डोक्यात बसवायची असते. कसाही विस्कटलेला असो, फुली जास्तीत जास्त आठ वळणांत होते. म्हणून मी १५ सेकंद बघायचो, डोळे मिटायचो आणि फुली करायचो. धरणगावपर्यंत हेच. समोरच्या बाकावरचे एक बाबा बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "काय शे रे भाऊ हाई? डोळा मिटीसन काय करस?" मी समजावलं. त्यांनी क्यूब हातात घेतला, दोन फेरे दिले, "हाई काई आपलं काम नई" म्हणून परत दिला. माझी फुली अर्थातच गेली.

पाळधीपासून पुढे जोड्या. इथं भाच्याचा नियम असा की मुद्दाम सावकाश फिरवायचं, पण थांबायचं नाही. एक जोडी खाचेत जात असताना डोळे पुढचीवर हवेत. आठवडाभर टायमर बंद ठेवला तेव्हा कुठे हे जमायला लागलं. गंमत म्हणजे या सावकाशीतच मी मिनिटाच्या आत आलो.

बोटांचंही एक शास्त्र आहे. उजवी बाजू वर, वरची डावीकडे, उजवी खाली, वरची उजवीकडे: ही चार वळणं सलग सहा वेळा केली की क्यूब पुन्हा होता तसा होतो. त्यामुळे बोटं मोकळी करायला ती बरी. वरची बाजू आख्खा हात न फिरवता तर्जनीनं ढकलायची. चुंबकवाला क्यूब हजाराच्या आत मिळतो, तो घ्याच. आमच्याकडे मे महिन्यात मात्र घामानं तोही निसटतो. मांडीवर रुमाल ठेवायचा आणि डाव मांडायचा.

आता पाच डावांची सरासरी २७-२८ सेकंद येते. स्पर्धेसारखीच काढतो: सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट डाव सोडून मधल्या तिन्हींची. अमेरिकेच्या मॅक्स पार्कनं २०२३ मध्ये ३.१३ सेकंदांत आख्खा क्यूब सोडवला, तेवढ्यात माझी फुलीसुद्धा होत नाही. त्यामुळे मी नजर ठेवलीय १९८२ वर. त्या वर्षी बुडापेस्टला पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि मिन्ह थाई २२.९५ सेकंदांत जिंकला. तोही त्या काळच्या क्यूबवर!

परवा एक डाव त्याच्याही खाली गेला. पिवळं झालं आणि बघतो तर वरचा थर आपोआप लागलेला. पीएलएलची ही सुट्टी सरासरी ७२ डावांत एकदा मिळते. भाचा म्हणतो, हा धरायचा नाही. मी त्याला विचारलं, स्पर्धेत धरतात का? धरतात म्हणाला. मग मीही धरला.