चिखल, कुत्रा आणि दारापासून बाथरूमपर्यंतचा घाट

"अरे काही नाही रे, सकाळी अर्धा तास फिरवून आणायचं, झालं" असं ज्या ज्या लोकांनी मला कुत्रा आणायच्या आधी सांगितलं त्या सगळ्यांच्या हॉलमध्ये मी आता बंड्याला भर पावसात मोकळा सोडणार आहे. अर्धा तास म्हणजे नुसतं चालणं. त्यापुढचा वेळ कुणी धरतच नाही. हे टाइप करतोय तेव्हा माझे केस ओले आहेत, कंबर गेलीये आणि भिंतीवर खांद्यापर्यंत चिखलाचे शिंतोडे आहेत, त्यामुळे जरा तिखट लागलं तर चालवून घ्या.

जातानाचं फार सांगण्यासारखं नाही, कोरड्या दिवसांचं तर अजिबातच नाही. तुम्हाला चालायची सवय आहे आणि ग्रिपवाले बूट आहेत हे मी धरून चाललोय. चपलेत निघणाऱ्यांनी निघूच नये, तीसेक किलोचं जनावर मांजर दिसल्यावर ओढतं तेव्हा चप्पल चिखलात राहते आणि आपण पुढे जातो.

पट्टा साधा घ्या, दीड-दोन मीटरचा, आणि सोबत हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा. तो बटण दाबून आपोआप गुंडाळला जाणारा पट्टा दुकानवाले हमखास गळ्यात मारतात, घेऊ नका. चिखलातली रेती आत गेली की नेमका हवा तेव्हा अडकतो, आणि ती बारीक दोरी हाताभोवती आवळली की सरळ कापते. हार्नेस घरी आल्यावर काढून वाळवायचा, ओला तसाच ठेवला तर कुत्र्याच्या काखेत घासून जखम होते.

वाटेत सखल भाग असतोच आणि बंड्याला तो लांबूनच कळतो. पुढचा एक पाय वर धरून उभा राहतो, नाक थेट चिखलात घालतो, फुर्र करून श्वास सोडतो, चिखलाला बुडबुडे येतात आणि हा त्या बुडबुड्यांकडे असा बघतो की ते दुसऱ्याच कुणीतरी काढलेत. मग लोळण. इथे ओढाओढी करू नका, हुंगायला आणि लोळायलाच तर आणलंय त्याला. खरं सांगू, तो पाठीवर पडून चारही पाय हवेत झाडतो ना, तेव्हा माझी झोप, कंबर, सगळं वसूल होतं.

पण पाणी कुठलं ते बघा. नुकत्याच पडलेल्या पावसाचा चिखल ठीक आहे. कचऱ्याजवळचं, उंदीर-घुशी फिरतात तिथलं साचलेलं डबकं अजिबात नको. लेप्टोस्पायरोसिस या आजाराचे जंतू उंदरांच्या लघवीतून पाण्यात येतात, ओल्या मातीत आठवडेच्या आठवडे टिकतात आणि कुत्र्याच्या किडन्या आणि लिव्हर दोन्हींची वाट लावू शकतात. पायाला चीर असेल तर आपल्यालाही होतो. याची लस असते, सुरुवातीला २ ते ४ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस आणि मग दरवर्षी एक. "सगळ्या लसी झाल्यात" यावर विश्वास ठेवू नका, कार्डावर लेप्टोचं नाव आहे का ते स्वतः वाचा, अनेकांच्या कार्डावर रेबीज असतं आणि हे नसतं. पिल्लू असेल तर लसीकरण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण १६ आठवड्यांचं होईपर्यंत, भटकी कुत्री येतात तिथला चिखल बंद. पार्व्हो, म्हणजे पिल्लांचा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार, त्याचा विषाणू मातीत महिनोन्महिने जिवंत राहतो.

आता घाट. दारापासून बाथरूमपर्यंत मोजून वीस पावलं नसतील पण अख्ख्या सकाळची दमछाक तिथे आहे. कारण कुत्रा अंग झटकतो. २०१२ साली काही संशोधकांनी हायस्पीड कॅमेऱ्याने ओल्या प्राण्यांचं शूटिंग करून छापलंय, लॅब्रेडॉरएवढा कुत्रा सेकंदाला चार-साडेचार वेळा अंग फिरवतो आणि अंगावरचं ७० टक्के पाणी क्षणात उडवतो. छानच आहे, फक्त ते पाणी कुठे जातं ते माझ्या भिंतीला विचारा. झटकणं डोक्यापासून सुरू होऊन शेपटीकडे जातं, म्हणजे मान तिरकी झाली की तुमच्याकडे निम्मा सेकंद उरलाय. तेवढ्यात दोन कानांच्या मधे हात दाबून ठेवला तर बंड्या तरी थांबतो.

तो एकदा झटकून झाला म्हणून दार उघडायचं नाही. टॉवेल लागला की दुसऱ्यांदा झटकतोच. म्हणून टॉवेल दाराबाहेर ठेवा, बाहेरच डोकं आणि पाठ पुसा, दुसरं झटकणं होऊ द्या, मगच आत. पट्टा आखूड धरून थेट बाथरूम, मधे सोफा, बेड, पाहुणे काही नाही. आणि घरच्यांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा की मी हाक मारल्याशिवाय दार उघडायचं नाही. आमच्याकडे हे सांगूनही आई पावलांच्या आवाजावर दार उघडते, "किती भिजलाय माझा सोन्या" म्हणते, आणि सोन्या तिथून थेट तिच्या गादीवर. यावर माझ्याकडे उपाय नाही.

बाथरूममध्ये साधं कोमट पाणी, पाय आणि पोट, बास. रोज शाम्पू लावू नका, कातडी कोरडी पडून खाजवत बसतो, आणि आपला शाम्पू तर कधीच नाही, त्यांच्या कातडीचा पीएच वेगळा असतो. बोटांच्या मधली जागा नीट कोरडी करा, तिथे ओल राहिली की चाटून चाटून लाल करतात. लोंबत्या कानांच्या कुत्र्यांचे कान आतून पुसा पण फक्त बोट पोचेल तिथपर्यंत, इअरबड खुपसू नका. वास यायला लागला किंवा सारखं डोकं हलवायला लागला तर घरगुती प्रयोग न करता डॉक्टरकडे न्या. पुसता पुसता गोचिडी बघा, कानामागे, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यात. सापडली तर चिमट्याने कातडीला लागून धरून सरळ वर ओढा, तेल नाही, काडी पेटवणं नाही. गोचीड ताप कुत्र्याला पार झोपवतो.

आखूड केसांचा कुत्रा आणि मोकळी गॅलरी असेल तर धुण्याच्या भानगडीत न पडता तासभर तिथेच बांधा, वाळलेला चिखल ब्रशने झडतो, ओला चोळलात तर अजून आत जातो. लांब केसवाल्यांनी हे करू नका, गुठळ्या होतात, आणि मग ग्रूमर गुठळ्यांचे वेगळे, चिखलाचे वेगळे आणि "नीट उभा राहत नाही"चे वेगळे पैसे लावतो. आम्हाला लावलेत, आत नेण्याआधी एक शब्द सांगितला नव्हता. एकूण किती ते आधी ठरवा, मगच कुत्रा आत द्या.

कुत्र्याला रेनकोट घेऊ नका, पाठ कोरडी राहते आणि चिखल असतो पोटाला. कुत्र्याचे बूटही नकोत. आम्हाला कुणीतरी भेट दिले होते, चारपैकी तीन घरात आहेत, चौथा सापडला तर ठेवून घ्या.