सोलापूरचा टॉवेल, साल्वादोरचा फेटा

"हॉटेलात टॉवेल असतात गं आई, उगाच बॅगेत जागा अडवू नका," असं लेकीनं फोनवर तीनदा बजावलं होतं. आमच्या ह्यांनी ऐकलं नाही. तीस बाय साठ इंचाचे दोन पांढरे टॉवेल, घरच्या मागावरचे, काठ मी शिवलेले, बॅगेच्या तळाशी गेलेच. परगावी दुसऱ्याच्या टॉवेलनं अंग पुसायचं नाही हा ह्यांचा नियम. लग्न असो, तिरुपती असो नाहीतर दवाखान्यात अ‍ॅडमिट व्हायचं असो, आमच्याकडे आधी टॉवेल आणि शेंगाचटणी भरतात, मग बाकीचं.

ही गोष्ट ऑगस्ट 2019 ची. लिहायचं राहूनच गेलं होतं. जावईबापूंची नोकरी तेव्हा ब्राझीलमधल्या साओ पावलोत होती. पिवळ्या तापाची लस मुंबईला जाऊन टोचून घ्यायची, तिचं पिवळं कार्ड जिवापाड सांभाळायचं, नाहीतर परत येताना आपल्याच विमानतळावर अडवतात. एवढ्या सगळ्यातून आम्ही पोचलो, आणि तिसऱ्या आठवड्यात लेक म्हणाली, चला, समुद्रकाठचं जुनं शहर दाखवते. साल्वादोर. तिथली एक दिवसाची टूर तिनं आधीच बुक केली होती, गाईड, गाडी आणि शाकाहारी जेवणासकट. जेवणाचं आधी सांगून टाकते: पांढरा भात, काकडी आणि टोमॅटो. टूरवाल्यांच्या मते ते शाकाहारी जेवण. मी पर्समधली शेंगाचटणी काढली आणि गाईडलाही चमचाभर वाढली. त्यानं दुसऱ्यांदा मागितली.

गाईड साठीचा, साल्वादोरचाच, डोक्यावर गवती टोपी. इंग्रजी मोडकंतोडकं, माझ्यासारखंच. लेकीला पोर्तुगीज येत होतं म्हणून निभावलं. गाडीत बसल्या बसल्या तिनं त्याला सांगितलं की आमच्या मराठीत तुमचे शब्द आहेत. त्याला खरं वाटेना. मग मी एकेक काढत गेले. चावी? "शावी!" साबण? "साबांव!" बटाटा, पाव, बादली, घमेलं. पगार म्हटल्यावर तो मोठ्यानं हसला. त्यांच्याकडे त्याचा अर्थ पैसे देणं. गोव्यातून हे शब्द आपल्या पेठांपर्यंत आले आणि आपण ते इतके वापरले की आता परके वाटतच नाहीत. काजूचं झाड तर ब्राझीलच्या ह्याच ईशान्य किनाऱ्याकडचं, पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणलेलं. आणि आपला आंबा आणि फणस तिकडे गेले. फणसाला ते 'जाका' म्हणतात. रस्त्याकडेला फणस बघून ह्यांना आपण कोकणात आलो असंच वाटलं. मीही थोडा वेळ तसंच समजून घेतलं.

सकाळी पहिल्यांदा बोंफींचं चर्च. टेकडीवर पांढरंशुभ्र, आणि समोरच्या लोखंडी जाळीला रंगीबेरंगी फिती बांधलेल्या, इतक्या की जाळी दिसतच नाही. वारा आला की सगळ्या एकदम फडफडतात. फीत हाही त्यांचाच शब्द, 'फीता'. मनगटाला तीन गाठी मारायच्या, प्रत्येक गाठीला एक मागणं, आणि ती आपोआप तुटेपर्यंत काढायची नाही. मूळ फीत 47 सेंटीमीटरची असायची, आतल्या येशूच्या मूर्तीच्या हाताएवढी. मी आधी बोटात चोळून बघितली. सुती नाही, सिंथेटिक. पहिल्या गाठीला मागितलं, माग चालू राहू देत. दुसरीला गुडघे. तिसरं सांगणार नाही. फीत माझ्या हातावर सात महिने टिकली आणि मार्च 2020 मध्ये, लॉकडाऊन लागला त्याच आठवड्यात, भांडी घासताना तुटली. बाहेर सोलापूरच्या सगळ्या पूर्व भागातले माग बंद, खटखट नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आता ह्याला काय म्हणायचं!

चर्चच्या आत एक खोली आहे, तिथं छताला मेणाचे हात, पाय, डोकी टांगलेली. ज्याचा जो अवयव बरा झाला, त्यानं तो आणून वाहिलेला. बाकीचे टुरिस्ट जरा दचकले. मला त्यात नवल वाटलं नाही. आपण देवाला चांदीचे डोळे वाहतो, ते मेणाचे वाहतात.

गाईडनं सांगितलं, दर जानेवारीत इथं मोठी मिरवणूक येते. माणसं पांढरे कपडे घालून आठ किलोमीटर चालतात आणि बाया सुगंधी पाण्यानं चर्चच्या पायऱ्या धुतात. बोंफींचा येशू आणि आफ्रिकेतून आलेल्या लोकांचा ओशाला देव, दोघांना इथं एकच मानतात, आणि ओशालाचा रंग पांढरा. म्हणून शुक्रवारी गावात कितीतरी लोक पांढरे कपडे घालतात. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. जानेवारी, पांढरे कपडे, चालत मिरवणूक. आमच्या सिद्धेश्वरांची यात्रा! संक्रांतीला बाराबंदी घालून नंदीध्वज खांद्यावर घेणारी सगळी माणसं माझ्या डोळ्यांपुढे आली. लेकीनं भाषांतर केलं. गाईडनं विचारलं, ध्वज केवढा असतो? ह्यांनी दोन्ही हात वर करून, टाचा उंचावून दाखवलं आणि तरी हात पुरले नाहीत.

तिथून गाडी वरच्या शहरात गेली. साल्वादोरचे दोन मजले आहेत म्हटलं तरी चालेल: कड्याखाली बंदर आणि व्यापार, कड्यावर चर्चं, वाडे, सरकार. पोर्तुगालच्या राजानं पाठवलेल्या तोमे दे सोझानं 1549 मध्ये हे वसवलं आणि 1763 पर्यंत ब्राझीलची राजधानी इथंच होती, नंतर ती रिओला गेली. 1985 पासून जुना भाग युनेस्कोच्या यादीत आहे. गुलाबी, पिवळी, निळी घरं, उतारावरून एकमेकांच्या खांद्यावर डोकावणारी. फोटोत फार छान दिसतात. फोटोत न दिसणारी गोष्ट म्हणजे तिथली फरशी. नदीतल्या गोट्यांसारखे दगड, कुठं वर, कुठं खाली. दुसरी गाठ तिथंच खर्ची पडली असावी.

साओ फ्रान्सिस्कोचं चर्च बाहेरून साधं आणि आत शिरल्यावर नुसतं सोनं. अठराव्या शतकातलं लाकडी कोरीवकाम, त्याच्यावर सोन्याचा वर्ख: खांब, छत, वेली, देवदूत. एक वीतही मोकळी नाही. अंगणाच्या भिंतींना पोर्तुगालहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या टाइल्स. खरं सांगू? त्या सोन्यापेक्षा मला टाइल्स आवडल्या. सोन्याखाली उभं राहिल्यावर कोणाचे तरी हिशेब डोक्यावर लटकल्यासारखं वाटत होतं. फेब्रुवारी 2025 मध्ये लेकीचा मेसेज आला: त्याच चर्चचं छत कोसळलं, बघायला आलेली एक तरुण मुलगी गेली. आम्ही मान वर करून, तोंड उघडं टाकून तिथंच उभे होतो. तो मेसेज आला तेव्हा हे जेवत होते. त्यांनी हात धुतला आणि उठले.

पेलोरिन्यो हा त्या भागातला मुख्य उतरता चौक. शब्दाचा अर्थ फटके मारायचा खांब. गुलामांना बांधून चारचौघांत मारायचे, त्याच्यावरून चौकाचं नाव. आता तिथं ढोल वाजतात, मायकल जॅक्सननं 1996 मध्ये तिथं गाण्याचं शूटिंग केलं, हे गाईडनं सवयीनं सांगितलं. मग त्याचा आवाज खाली आला. आफ्रिकेतून चाळीस लाखांहून जास्त माणसं ब्राझीलला आणली गेली. इथली गुलामी कायद्यानं बंद झाली ती थेट 1888 मध्ये. जहाजातून उतरवलेल्या माणसांचा बाजार भरायचा, आणि त्यानं जो शब्द वापरला तो लेकीला भाषांतर करावाच लागला नाही. "लेलांव." लिलाव. सकाळी गाडीत हसत हसत शब्द मोजत होते, तेव्हा हा माझ्या ध्यानातच आला नव्हता.

ती माणसं आफ्रिकेत विकत कशानं घ्यायचे, असं ह्यांनी विचारलं. व्यापाऱ्याचा प्रश्न. गाईड म्हणाला, तंबाखू, दारू आणि कापड; कापड बरंचसं तुमच्या भारतातलं. हे गप्प झाले. आमच्या घरात तीन पिढ्या कापडाच्या. ते कापड सोलापूरचं नव्हतं, गुजरातचं, कोरोमंडलचं, आणि काळही वेगळा, हे सगळं मला कळतं. तरी कोणीतरी कांडी भरली असणार, कोणीतरी काठ शिवला असणार, आणि आपला माल कुठं जातो हे त्या बाईला कधी कळलं नसणार.

चौकात उतारावर एक निळं चर्च आहे, रोझारियोचं. हे काळ्या लोकांच्या मंडळानं स्वतः बांधलेलं. 1704 पासून पुढं जवळजवळ शंभर वर्षं लागली, कारण दिवस मालकाचा; उरलेल्या वेळात, रात्री, जमेल तसं काम. सोनं फारसं नाही. मी तिथं बाकावर बसून राहिले, गुडघ्यांचं निमित्त करून.

आणि मग चढावर एका दारावर ह्यांना पाटी दिसली. हे ओरडलेच, "अगं, गांधी!"

फिल्योस दे गांधी. गांधीजींची लेकरं. स्पेलिंगमध्ये शेवटी आयच्या जागी वाय, पण माणूस तोच. आत भिंतीवर चष्म्यातले बापूजी. गांधीजी गेले त्याच्या पुढच्या वर्षी, 1949 मध्ये, साल्वादोर बंदरातल्या गोदी कामगारांनी हे मंडळ काढलं. हातात पैसा नाही, तर कार्निव्हलला घरातल्या पांढऱ्या चादरी अंगाला गुंडाळल्या आणि डोक्याला टॉवेलचे फेटे बांधले. आजही हजारो पुरुष तसेच निघतात: पांढरा पायघोळ झगा, निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा, लव्हेंडरचं अत्तर, आणि डोक्याला टॉवेल. मिरवणुकीत उंट, हत्ती आणि शेळी. शेळीसुद्धा विसरले नाहीत!

चादर आणि टॉवेल. सोलापूरच्या माणसाला आणखी काय सांगायचं? आम्ही दोघं दारातच उभे राहिलो. मी लेकीला म्हटलं, ह्या लोकांना सांग, आमच्या गावाला ह्याच दोन वस्तूंनी ओळखतात. आणि हेही सांग, की 1930 मध्ये गांधीजींना पकडल्यावर आमचे गिरणी कामगार रस्त्यावर आले, इंग्रजांनी गावात मार्शल लॉ लावला, आणि 12 जानेवारी 1931 ला आमच्या चौघांना फाशी दिलं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. आमच्या चौकात चौघांचे पुतळे आहेत. लेक नावं सांगताना अडखळली, ह्यांनी ती सावकाश परत म्हटली.

आत बसलेला म्हातारा उठून आला. त्याच्या हातात एक तयार फेटा होता. मी विचारून हातात घेतला. सवयीनं आधी पाईल, म्हणजे टॉवेलचे उभे लूप, दाबली, मग उलटा करून काठ बघितला. आखूड लूप, हलका माल. जड टॉवेल फेट्याला चालणार नाही, हे माझ्या लक्षात आलं. पण हे ऐकतात कुठले? गाडीतून पिशवी आणायला लावली आणि आमचा टॉवेल म्हाताऱ्यापुढं ठेवला. त्यानं तो तळहातावर तोलला, गालाला लावला आणि काहीतरी बोलला.

"जड आहे म्हणतायत," लेक म्हणाली.

"जड नाही, दमदार म्हण," हे म्हणाले.

म्हाताऱ्यानं ह्यांना स्टुलावर बसवलं. टॉवेल लांबीत दुमडला, कपाळावरून मागं नेला, पीळ दिला, टोकं आत खोचली. तिथं फेटा नुसता बांधत नाहीत, डोक्यावरच सुईदोऱ्यानं टाके घालतात. कार्निव्हलच्या दिवसांत त्या गल्ल्यांमध्ये फेटे शिवणाऱ्या बायांपुढं रांगा लागतात म्हणे. त्यानं दोन टाके घातले. तिसरा जाईना, आमचा माल जाड. मी सुई मागून घेतली. आयुष्यभर ह्याच टॉवेलचे काठ शिवलेत, पण नवऱ्याच्या डोक्यावर ठेवून कधी शिवले नव्हते. "टोचलं तर बघ," हे म्हणाले. टोचलं नाही. पाच टाके घातले, दोरा दातानं तोडला. म्हाताऱ्यानं टाके बघितले आणि मान हलवली, आमचे चेकिंगवाले हलवायचे तशी.

बाहेर एका बाईंकडे अकाराजे खाल्लं, पांढऱ्या घेरदार झग्यातल्या. भिजवलेली चवळी सोलून वाटायची, कांदा घालून फेटायची आणि लालभडक पाम तेलात तळायची. आतल्या सारणात सुकी कोळंबी असते म्हणून आम्ही नुसती वडी आणि तिखट घेतलं. "गरम की थंड?" असं विचारतात, तेव्हा ते तिखट घालू का म्हणून विचारत असतात. ह्यांनी गरम सांगितलं आणि खाऊन म्हणाले, कोमट आहे.

शेवटी लासेर्दा लिफ्ट. 1873 ची, वरच्या शहरातून खालच्या शहरात 72 मीटर खाली. तिकीट तेव्हा पंधरा सेंताव्हो होतं, म्हणजे आपले अडीच-तीन रुपये. डबा खचाखच भरलेला, ऑफिसं सुटलेली. ह्यांच्या डोक्यावर फेटा तसाच. सोडायचा तर टाके उसवायला कात्री हवी होती. कोपऱ्यातल्या एका हमालासारख्या दिसणाऱ्या धिप्पाड माणसानं ह्यांच्याकडे बघितलं, हात वर केला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "अजायो!" ती त्या मंडळाची आरोळी, लेक कुजबुजली. मागून आणखी दोघं-तिघं म्हणाले, अजायो.

ह्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग छाती भरून घेतली आणि त्या लिफ्टमध्ये, समुद्राकडे खाली जाता जाता, यात्रेत देतात तशी आरोळी दिली, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!"