पगार

आज लेकीचा पहिला पगार झाला. मोबाईलवर मेसेज आला आणि तिने आधी आजीला दाखवला. आजीला आकडा काही दिसला नाही. तिने फोन तसाच देव्हाऱ्यात ठेवायला लावला, निरंजनाच्या शेजारी, आणि वर हळदकुंकू वाहिलं.

'पगार' इतका आपला शब्द, पण तो पोर्तुगीजांकडून आलेला. त्यांच्याकडे 'पगार' म्हणजे पैसे चुकते करणे. १५३४ ते १७३९ वसई त्यांच्या ताब्यात होती. पाव, चावी, बटाटा असे किती शब्द त्यांनी दिले. पण पगाराचं मूळ आणखी मागे, लॅटिनमध्ये आहे: 'पाकारे', म्हणजे शांत करणे. 'पाक्स' म्हणजे शांतता, त्यावरून. देणेकऱ्याने पैसे देऊन सावकाराला शांत करायचं, तिथून हा अर्थ आला. इंग्रजीतला 'पे' याच कुळातला. आपला 'तनखा' मात्र फारसी: तन म्हणजे शरीर, ख्वाह म्हणजे इच्छा. हाही मला फार आवडतो.

हे आईला सांगितलं तर ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "तुझे बाबा गिरणीतून पगाराचं पाकीट आणायचे ना, तेव्हा मी चहासुद्धा नंतर टाकायची. आधी वाण्याची वही."

मला ती वही आठवते. लाल कापडी बांधणीची, तेलाचे डाग पडलेली. पैसे दिले की वाणी आमच्या पानावर तिरकी रेघ मारायचा, आणि परत येताना आई माझा हात जरा सैल धरायची.