साठ किलोबाइटचे छायाचित्र

लष्करात छायाचित्रण म्हणजे संचलन आणि समारंभापुरते काम, असा समज बाहेर सर्रास आढळतो. पुण्यातील एका लष्करी कार्यालयात नागरी अधिकारी म्हणून मी ज्या कक्षाची व्यवस्था पाहते, तेथे रेडिओ सेट, व्हिडिओ कॉन्फरन्सची यंत्रणा, कॅमेरे आणि छायाचित्रांचा संग्रह हे सारे एकाच छताखाली आहे. ते तसे का असावे, हे ऑगस्ट २०१९ च्या महापुरातील एका दुपारी मला जितके स्पष्ट कळले, तितके कोणत्याही प्रशिक्षणात कळले नव्हते.

त्या आठवड्यात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच मागे टाकली होती आणि पाणी पुढे ५७ फुटांच्याही वर गेले. शिरोलीजवळ पंचगंगेचे पाणी रस्त्यावर आल्याने पुणे-बंगळूरु महामार्ग बंद पडला होता आणि उपग्रह टर्मिनल घेऊन निघालेले आमचे वाहन त्या रांगेत अडकले होते. कृष्णाकाठच्या एका गावाजवळ पोहोचलेल्या तुकडीच्या परिसरातील मोबाइल टॉवर वीज आणि डिझेलअभावी एकेक करून बंद झाले. उरला तो एचएफ, म्हणजे लघुलहरींवर चालणारा रेडिओ.

व्हीएचएफ, म्हणजे त्याहून उच्च फ्रिक्वेन्सीच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात, त्यामुळे मधल्या डोंगररांगा त्यांना अडवतात. एचएफचे तसे नाही. तारेचा अँटेना जमिनीपासून फार उंच न नेता आडवा बांधला, तर लहरी जवळजवळ सरळ वर जातात, आयनोस्फिअर या वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परततात आणि दोन-तीनशे किलोमीटरच्या परिसरात उतरतात. पुणे ते सांगली या अंतराला ही पद्धत चपखल बसते. मात्र दिवसा चालणारी फ्रिक्वेन्सी सूर्य मावळल्यावर तशीच चालत नाही. ती खाली आणावी लागते आणि त्या संधिकाळात संपर्क डळमळतो. म्हणजे जे काही मागवायचे, ते दिवस मावळण्याआधी मागवायचे होते.

अडचण वेगाची होती. त्या दुपारी रेडिओचा दुवा सेकंदाला २४०० बिट एवढाच चालत होता. चार मेगाबाइटचे एक छायाचित्र त्या वेगाने यायला जवळजवळ चार तास लागतात. तेच आकाराने लहान करून साठ किलोबाइटवर आणले, तर हिशेबाने साडेतीन मिनिटे. प्रत्यक्षात अधिक, कारण खरखर वाढली की चुकलेले तुकडे पुन्हा मागवावे लागतात आणि तेवढा वेळ त्या सेटवर दुसरे काही बोलता येत नाही. तुकडीकडे शेकडो छायाचित्रे होती. दुवा अडवून ठेवण्याची परवानगी एकाच चित्रापुरती मिळाली.

कोणते मागवायचे, यावर कक्षात मतभेद झाले. एका वृद्ध आजींना पाठीवर घेऊन कमरेइतक्या पाण्यातून येणाऱ्या जवानाचे छायाचित्र उत्तम आले आहे, असे तुकडीने कळवले होते आणि प्रसिद्धीसाठी तेच हवे होते. मला त्या चित्राचे मोल कमी वाटत नाही. लोकांना धीर देणे हेही कामच आहे. परंतु ते चित्र दुसऱ्या दिवशी मेमरी कार्डातून आले असते तरी त्याचे काही बिघडणार नव्हते. सायंकाळी आणखी बोटी पाठवायच्या होत्या आणि त्या गावाला कोणत्या बाजूने लागाव्यात, हे ठरवणाऱ्या अभियंत्यांना किनारा डोळ्यांनी पाहायचा होता. मी किनाऱ्याचे चित्र मागवले.

चित्र आले तेव्हा कक्षातील सारे पडद्याभोवती जमले. पाण्याच्या वर जेमतेम हातभर अंतरावर विजेच्या तारा लोंबत होत्या. डाव्या हाताला पाण्यातून उसाचे शेंडे वर आले होते, आणि असा बुडालेला ऊस बोटीच्या पंख्यात गुंतला की इंजिन जागीच थांबते. पण सोबत ना वेळ होती, ना दिशा. तारा गावाच्या कोणत्या अंगाला आहेत, हे त्या चित्रावरून कुणालाच सांगता येईना.

मी सेटवरच्या सुभेदारांना म्हटले, “सुभेदार साहेब, एवढेच विचारा, फोटो काढताना कॅमेऱ्याचे तोंड कुठे होते?”

पलीकडचा हवालदार मराठीच होता. खरखरीतून त्याचे उत्तर आले आणि सुभेदारांनी ते शब्द न शब्द लिहून घेतले. “मॅडम, तो म्हणतो, नदी पाठीशी, देवळाचे शिखर उजवीकडे, ऊस डाव्या हाताला. फोटो पावणेचारचा.”

एवढ्या चार तुकड्यांवर सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरील देऊळ सापडले, त्यावरून दिशा निघाली आणि तारांची रांग पेन्सिलीने नकाशावर उतरली. वीजपुरवठा खंडित असल्याची खात्री जिल्हा प्रशासनामार्फत करून घेण्यात आली. तरीही अभियंत्यांनी तो मार्ग टाळला आणि देवळामागच्या उंच रस्त्याच्या टोकाला बोटी लावण्याचे ठरवले. तो निर्णय फ्रिक्वेन्सी बदलण्याच्या आत तुकडीला कळवता आला. रात्री उशिरा, नव्या फ्रिक्वेन्सीवर, बोटी सुखरूप लागल्याचा निरोप आला.

मेमरी कार्ड नंतर रस्त्याने आले. आजींचे छायाचित्र खरोखरच सुरेख होते आणि ते त्याच दिवशी प्रसिद्धीसाठी गेले. पाठवण्यापूर्वी नेहमीप्रमाणे फाइलमधील स्थानाची माहिती काढून टाकली आणि पार्श्वभूमीला दिसणारा सेटचा भाग कापला. संग्रहात ठेवलेल्या मूळ प्रतीला मात्र ती सारी माहिती तशीच जोडलेली आहे, कारण बाहेर जाणारी प्रत आणि नोंदीची प्रत यांची गरज वेगळी असते. उरलेल्या छायाचित्रांखालच्या माहितीच्या ओळी लिहायला मी त्या हवालदारालाच परतल्यावर बोलावून घेतले. कोणता बांध, कोणती गल्ली, पाणी तेव्हा चढत होते की उतरत होते, हे त्याला चित्र पाहताच आठवत होते. महिनाभराने त्याच चित्रांवर विचारले असते, तर निम्मी तरी नुसती ‘पूर, सांगली जिल्हा’ म्हणून कायमची पडून राहिली असती.

आता आमच्या प्रत्येक सेटच्या झाकणाच्या आत एक छापील कागद चिकटवलेला असतो. चित्र पाठवण्याआधी त्यावरील माहिती आवाजी निरोपाने द्यायची: दिशा, वेळ, ओळखीची खूण, पाण्याची स्थिती, काढणाऱ्याचा हुद्दा. दिशेचा रकाना सर्वांत वर ठेवावा, ही सूचना सुभेदारांची होती.