तीन क्रेडिटांसाठी गेलेले सात आठवडे

अमेरिकेत एमडीला, म्हणजे इथल्या डॉक्टर होण्याच्या पदवीला, प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए (४ पैकी गुणांची सरासरी) ३.७ च्या वर असतो. माझा ३.२८. अर्ज करताना भीती वाटत होती ती या आकड्याची. प्रत्यक्षात घोडं अडलं ते भलत्याच ठिकाणी, आणि तो राग अजून मनातून जात नाही.

आकड्याचं आधी सांगते. पहिल्या दोन वर्षांत माझं अभ्यासाचं गणित चुकलं, ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी मिळाला. विषय पुन्हा घेऊन ए मिळवला. पण एमडी कॉलेजांचा सामायिक अर्ज, ॲमकॅस, जीपीए स्वतः मोजतो आणि त्यात दोन्ही वेळचे गुण धरतो. (डीओ, म्हणजे डॉक्टर होण्याची इथली दुसरी पदवी, देणाऱ्या कॉलेजांच्या अर्जात पूर्वी नवा गुण जुन्याची जागा घ्यायचा, २०१७ पासून तेही बंद झालं.) पदवीनंतर वर्षभर ३० क्रेडिटांचे (कोर्स मोजायचं एकक) कोर्स घेतले, सगळीकडे ए. तरी १२० क्रेडिटांवरचा ३.१ सरकून ३.२८ च झाला. एमकॅट या प्रवेश परीक्षेत ५२८ पैकी ५१३ आले, तेवढाच आधार.

जूनच्या पहिल्या आठवड्यात अर्ज पाठवला. कमी जीपीएवाल्याने लवकर अर्ज करायलाच हवा, कारण बहुतेक कॉलेजं अर्ज येतील तसे बघतात आणि जागा भरत जातात.

नाशिकहून न्यू जर्सीला आल्यावर, शाळेत असताना एका उन्हाळ्यात मी कम्युनिटी कॉलेजमध्ये मानसशास्त्राचा एक कोर्स केला होता. तीन क्रेडिटं, बी. नियम असा, की बारावीनंतरचं असो वा शाळेत असतानाचं, जिथे जिथे कॉलेजची क्रेडिटं घेतली त्या प्रत्येक कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे अधिकृत गुणपत्रक, थेट रजिस्ट्रारकडून आलं पाहिजे. एक जरी राहिलं तरी अर्ज तपासणीच्या रांगेतच लागत नाही. बाकीची दोन ट्रान्सक्रिप्टं आठवड्याभरात पोचली. हे पोचेना.

फोन केला तर कळलं, खात्यावर होल्ड आहे, म्हणजे थकबाकीमुळे कागद अडवलेत. कशाचा? ग्रंथालयाच्या बारा डॉलर दंडाचा. ऑनलाइन भरायला गेले तर माझं जुनं खातं बंद झालेलं. ग्रंथालय म्हणालं, लेखा विभागात विचारा. लेखा विभाग म्हणाला, मनीऑर्डर पाठवा. ती पोचल्यावर आठ दिवसांनी होल्ड निघाला, पण ट्रान्सक्रिप्टची मागणी तोवर रद्द झालेली. पुन्हा मागणी केली, तर त्यांनी ते माझ्या घरच्या पत्त्यावर पाठवलं. लिफाफा हातात आला तेव्हा मी रडले. मी स्वतः पुढे पाठवलेलं चालत नाही.

एक मैत्रीण म्हणाली, तो कोर्स लिहूच नकोस, कोण बघतंय? तसं अजिबात करू नका. अर्जात सगळी माहिती पूर्ण आणि खरी असल्याचं आपण लिहून देतो, आणि लपवलेला कोर्स नंतर सापडला तर प्रवेशही जाऊ शकतो.

शेवटी बाबा सुट्टी काढून माझ्याबरोबर त्या कॉलेजात आले. खिडकीवरच्या बाईंना मी अर्जातला ट्रान्सक्रिप्टचा आयडी छापून दिला आणि त्यांनी बटण दाबेपर्यंत तिथून हलले नाही. तो दिवस २४ जुलैचा. तपासणी संपायला ऑगस्टचा शेवट उजाडला. डीओचा अर्जही त्याच कागदासाठी अडला होता.

म्हणून एप्रिलमध्येच प्रत्येक जुन्या कॉलेजला फोन करून ‘माझ्या नावावर काही होल्ड आहे का?’ एवढं विचारा. अर्ज उघडला की त्याच दिवशी ट्रान्सक्रिप्टं मागवा, अर्ज पूर्ण भरेपर्यंत थांबू नका. सेकंडरी निबंधांचे, म्हणजे सामायिक अर्जानंतर प्रत्येक कॉलेज वेगळे मागतं त्या निबंधांचे, मसुदे मी या रिकाम्या आठवड्यांत लिहून ठेवले, तेच पुढे कामी आले. आणि आधी सांगायचं राहिलं: डीओ कॉलेजांना दुय्यम समजू नका. डीओही पूर्ण परवान्याचे डॉक्टर असतात, आणि २०२० पासून रेसिडेन्सीची (पदवीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाची) निवड एमडींबरोबर एकत्रच होते.

मुलाखतीत सी बद्दल विचारलं. मी अभ्यासाची पद्धत कशी चुकली आणि मग काय बदललं, एवढं सरळ सांगितलं. मार्चमध्ये एका डीओ कॉलेजचं पत्र आलं. आईने नाशिकला आजीला फोन लावला तेव्हा तिथे पहाटेचे चार वाजले होते.

त्या पत्रात प्रवेशासाठी लागणाऱ्या कागदांची यादी होती. सगळ्या कॉलेजांची ट्रान्सक्रिप्टं पुन्हा एकदा. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी त्याच खिडकीसमोर उभी होते.